जामीन मंजूर झाला, मग सुटका का नाही? : वाचकांचे प्रश्न, कायद्याची उत्तरं

फौजदारी कायद्यावर आलेल्या पत्रांत निकालाबद्दल विचारणारे वाचक थोडेच आहेत. बहुतेकांना निकालाच्या आधीचे महिने छळतात : अटक, रिमांड (कोठडीत ठेवण्याचा कोर्टाचा आदेश), जामीनदार, तारखा. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता (बीएनएस) आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (बीएनएसएस) लागू झाली. खालची कलमं नव्या कायद्यांतली आहेत; कायद्याचं नाव दिलेलं नसेल तिथे बीएनएसएसचं कलम समजा.

प्रश्न : धाकट्या भावाला मारामारीच्या गुन्ह्यात अटक झाली. कोर्टाने २५ हजारांचा जातमुचलका (स्वतःचं बंधपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार या अटीवर जामीन दिला. तीन आठवडे झाले, तो अजून आतच आहे. आम्ही भाड्याच्या खोलीत राहतो, शेतजमीन नाही. वकील म्हणतात, सॉल्व्हन्ट (ऐपत असलेला) माणूस आणा. असा माणूस आणायचा कुठून?

उत्तर : जामीन मिळूनही पैशाअभावी आत राहणं ही या व्यवस्थेतली सर्वांत उघड विषमता आहे. एकाच दिवशी, एकाच आदेशाने दोघांना जामीन मिळतो. ज्याच्याकडे सातबारा आहे तो संध्याकाळी घरी जातो, ज्याच्याकडे नाही तो आतच राहतो. पण तुमच्या हातात बरंच काही आहे, आणि तीन आठवडे गेलेत म्हणून आजच हालचाल करा.

आधी जामीनदार म्हणजे कोण ते नीट समजून घ्या. तो २५ हजार रुपये कोर्टात भरत नाही. आरोपी तारखेला हजर राहिला नाही, तर तेवढ्या रकमेपर्यंत आपण जबाबदार राहू, असं तो लिहून देतो. आरोपी फरार झाला तर बंधपत्र जप्त होतं आणि जामीनदाराला नोटीस येते. म्हणून कोर्ट त्याची ऐपत बघतं. ती दाखवायला सातबारा किंवा ८-अ उतारा, घरपट्टीची पावती, तहसीलदाराकडचा ऐपतीचा दाखला चालतो. कायम नोकरीतल्या माणसाची पगारपत्रकं आणि कार्यालयाचं ओळखपत्रही बहुतेक ठिकाणी स्वीकारतात, तेव्हा शेतजमीनच हवी असं नाही. सोबत आधार, रेशनकार्ड आणि फोटो लागतात. याआधी आपण किती आरोपींना जामीन राहिलो आहोत, हे जामीनदाराला कलम ४८६ प्रमाणे लिहून द्यावं लागतं. ते लपवलं की प्रकरण तिथेच अडतं. कोर्टाच्या आवारात पैसे घेऊन उभे राहणारे 'तयार' जामीनदार असतात. त्यांची कागदपत्रं बनावट निघाली तर जामीन रद्द होतो आणि वर नवा गुन्हा दाखल होतो. त्या वाटेला जाऊ नका.

जामीनदार मिळतच नसेल तर त्याच कोर्टात अट शिथिल करण्याचा अर्ज द्या. पहिली मागणी तात्पुरत्या रोख जामिनाची करा : ठरावीक रक्कम भरून लगेच सुटका, आणि जामीनदार आणायला काही आठवड्यांची मुदत. महाराष्ट्रातली कोर्टं हा मार्ग नेहमी वापरतात. मुदतीची तारीख मात्र लिहून ठेवा, कारण ती उलटली तर पुन्हा आत जावं लागू शकतं. तेवढी रोकडही जमत नसेल तर रक्कम कमी करण्याची किंवा केवळ जातमुचलक्यावर सोडण्याची मागणी करा. जामिनाची रक्कम अवाजवी असू नये, असं कलम ४८४ सांगतं. दंडाधिकाऱ्यांनी ठरवलेली रक्कम सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय कमी करू शकतं. अर्जात भावाचं उत्पन्न, घरातली खाणारी तोंडं आणि आदेशानंतर आत काढलेले दिवस आकड्यांत लिहा. 'गरीब आहोत' एवढ्यावर भागवू नका.

३१ जानेवारी २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने दिलेले निर्देश अशा अर्जाला फार उपयोगी पडतात. जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही, तर कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं असतं. महिन्याभरात बंधपत्र भरलं गेलं नाही, तर अट बदलायची का याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. स्थानिक जामीनदारच हवा, असा आग्रह सुटका लांबण्याचं एक कारण ठरतो, म्हणून तशी अट घालू नये, असंही त्यात म्हटलं आहे. हा शेवटचा मुद्दा जुनाच आहे. १९७८ च्या मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश या खटल्यात आरोपी एक गवंडी होता. दंडाधिकाऱ्यांनी त्याला दहा हजारांचा जामीन सांगितला आणि त्याचा भाऊ जामीन राहायला आला तर मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून त्याला नाकारलं. सर्वोच्च न्यायालयाने त्या गवंड्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडायला सांगितलं.

दुसरीकडे जिल्हा न्यायालयाच्या इमारतीतल्या विधी सेवा प्राधिकरणात लेखी अर्ज द्या. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळतो, त्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. हेल्पलाइन १५१०० आहे. गरीब कैद्यांसाठी केंद्र सरकारची योजनाही आहे. २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे कच्च्या (खटला अजून न निकाली निघालेल्या) कैद्याच्या जामिनासाठी ४० हजारांपर्यंत आणि शिक्षा झालेल्याच्या दंडासाठी २५ हजारांपर्यंत रक्कम जिल्हा समितीच्या मंजुरीने भरता येते. अमली पदार्थ, मनी लाँडरिंग, यूएपीए (बेकायदा कारवायांविरुद्धचा कायदा), भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा यांतले गुन्हे त्यात बसत नाहीत. तुमच्या भावाचा गुन्हा बसतो. रक्कम घरच्यांच्या हातात येत नाही, परस्पर कोर्टात भरली जाते.

एक शेवटची तपासणी करा. जामीनदार स्वीकारल्यावर कोर्टातून कारागृहाकडे सुटकेचा आदेश जातो. त्यावरचं नाव, वडिलांचं नाव, गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर), पोलीस ठाणं आणि प्रत्येक कलम कारागृहाच्या नोंदीशी जुळायला हवं. 'दत्तात्रय' आणि 'दत्तात्रेय' एवढ्या फरकावरही माणूस अडतो. २०२५ साली उत्तर प्रदेशात आदेशात एक उपकलम लिहायचं राहिलं म्हणून एक कैदी जवळपास महिनाभर आत राहिला. सर्वोच्च न्यायालयाने राज्य सरकारला त्याला ५ लाख रुपये हंगामी भरपाई द्यायला लावली. म्हणून आदेशाची प्रत हातात पडताच कोर्टातच उभं राहून वाचा. चूक दिसली तर दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या. दुसऱ्या गुन्ह्यात वर्ग करून घेण्याचं वॉरंट प्रलंबित असेल तरी सुटका होत नाही, तेव्हा कारागृहाच्या न्यायालयीन विभागात तेही विचारून घ्या.

प्रश्न : पोलीस 'चौकशीला' म्हणून घेऊन गेले आणि रात्रभर सोडलं नाही, तर पहिल्या दिवशी घरच्यांनी नेमकं काय करायचं?

उत्तर : पोलीस ठाण्यात जा आणि अटक झाली आहे की नाही, एवढंच आधी विचारा. 'अटक नाही, फक्त चौकशी' असं उत्तर आलं तर ताब्यात घेतल्याची वेळ, ठिकाण आणि नेणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव लिहून काढा. शक्य असल्यास तेवढाच मजकूर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्त कार्यालयाला ईमेल करा. कारण चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यांसमोर हजर करण्याची घटनेच्या २२व्या अनुच्छेदातली मुदत ताब्यात घेतल्यापासून मोजायची असते. कागदावर अटकेची वेळ पुष्कळदा दुसऱ्या दिवशीची पडते. तुमचा ईमेल तिथे पुरावा ठरतो.

अटक झाली असेल तर अटकपंचनामा बघा. त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटकेची तारीख-वेळ हवी. अटकेची कारणं लेखी द्यावी लागतात. २०२५ मध्ये मिहिर शहा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे सर्व गुन्ह्यांना लागू केलं : कारणं आरोपीला कळणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि उशिरात उशिरा म्हणजे रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी. 'अमुक कलमाखाली अटक' एवढी ओळ म्हणजे कारण नव्हे. या माणसाने काय केल्याचा आरोप आहे, ते त्यात आलं पाहिजे. नसेल तर वकिलाने पहिल्याच रिमांडला हरकत नोंदवावी.

सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप होत नाही. कलम ३५ प्रमाणे हजर राहण्याची नोटीस हा पहिला मार्ग आहे, आणि अटक केलीच तर ती का गरजेची होती हे पोलिसांनी नोंदवावं लागतं. २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाने रिमांड देण्याआधी ही कारणं तपासायची जबाबदारी दंडाधिकाऱ्यांवर टाकली आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात साठीपुढच्या किंवा आजारी माणसाला उपअधीक्षकाच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

रिमांडच्या वेळी दंडाधिकारी विचारतात, "पोलिसांबद्दल काही तक्रार आहे का?" हा प्रश्न दोन सेकंदांत संपतो. मागे तेच हवालदार उभे असतात, आरोपी "नाही" म्हणतो आणि रोजनाम्यात 'तक्रार नाही' असं लिहिलं जातं. पुढे कितीही सांगितलं तरी ती ओळ आड येते. मारहाण झाली असेल तर तेव्हाच बोलायचं, आणि हे त्याला आधी सांगून ठेवायचं. कलम ५३ प्रमाणे वैद्यकीय तपासणीत जखमा आणि त्यांची अंदाजे वेळ नोंदवावी लागते. त्या अहवालाची प्रत मागून घ्या.

प्रश्न : साठ दिवसांत चार्जशीट आलं नाही तर जामीन मिळतोच, हे खरं का?

उत्तर : खरं आहे, पण तो मागावा लागतो आणि वेळेवर मागावा लागतो. कलम १८७(३) प्रमाणे मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं वा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, इतर गुन्ह्यांत ६० दिवस. तेवढ्यात दोषारोपपत्र (चार्जशीट) आलं नाही तर आरोपीला जामीन हक्काने मिळतो. गुन्हा किती गंभीर आहे, हे तिथे बघितलं जात नाही. मोक्का (संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा) आणि यूएपीएच्या गुन्ह्यांत कोर्ट ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. अमली पदार्थांच्या व्यापारी प्रमाणातल्या गुन्ह्यांत ती मुळातच १८० दिवसांची असते आणि कोर्ट ती एक वर्षापर्यंत वाढवू शकतं.

चुका दिवस मोजण्यात होतात. अटकेच्या तारखेपासून मोजायचं नाही, दंडाधिकाऱ्यांनी पहिला रिमांड दिला त्या तारखेपासून मोजायचं, आणि तो दिवसही धरायचा (२०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी हे पक्कं केलं). समजा पहिला रिमांड १ जूनला झाला. ३० जूनला तीस दिवस होतात, ३० जुलैला साठ. ३१ जुलैच्या सकाळी कोर्ट उघडताच अर्ज दाखल व्हायला हवा. ९० दिवसांच्या गुन्ह्यासाठी अर्जाची हीच तारीख ३० ऑगस्ट होईल. 'दहा वर्षांपर्यंत' शिक्षेच्या कलमांत ६० धरायचे की ९०, यावर वाद होतो. २०१७ च्या राकेश कुमार पॉल निकालात जुन्या कायद्याखाली ६० धरले होते. अशा गुन्ह्यात ६१व्या दिवशीच अर्ज टाका.

अर्ज एका पानाचा पुरतो : गु.र.नं., कलमं, पहिल्या रिमांडची तारीख, आजपर्यंतचे दिवस, दोषारोपपत्र दाखल नाही हे विधान, आणि कोर्ट सांगेल तो जामीन देण्याची तयारी. दाखल केल्याची वेळ शिक्क्यासह मिनिटापर्यंत घ्या. सकाळी अकराला अर्ज पडला आणि दुपारी पोलिसांनी दोषारोपपत्र आणलं तरी हक्क टिकतो, असं २०२० च्या एम. रवींद्रन निकालात स्पष्ट केलं आहे. उलट दोषारोपपत्र आधी पडलं आणि अर्ज तासाभराने आला, तर हक्क गेला. आणि जामीन मिळूनही मुदतीत जामीनदार दिला नाही, दरम्यान दोषारोपपत्र आलं, तरीही हक्क जातो. म्हणून पन्नासाव्या दिवसापासून जामीनदाराची कागदपत्रं तयार ठेवा.

प्रश्न : आमचा मुलगा खटला सुरू व्हायची वाट बघत दीड वर्ष आत आहे. पहिलाच गुन्हा. 'एक तृतीयांश'चा नियम त्याला लागू होईल का?

उत्तर : कमाल शिक्षा किती आहे, त्यावर ते ठरेल. कलम ४७९ प्रमाणे कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या निम्मा काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडायचं. याआधी कधीच शिक्षा झाली नसेल तर एक तृतीयांश काळ पुरतो. सात वर्षांच्या गुन्ह्यात हा हिशेब दोन वर्षं चार महिन्यांचा होतो, तीन वर्षांच्या गुन्ह्यात एका वर्षाचा. म्हणजे तीन वर्षांचं कलम असेल तर तुमच्या मुलाचा हक्क सहा महिन्यांपूर्वीच झाला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जुन्या गुन्ह्यांतल्या कैद्यांनाही हा नियम लागू केला.

मृत्युदंड किंवा जन्मठेप होऊ शकणाऱ्या गुन्ह्याला मात्र तो लागू नाही. आणखी एक अडचण पोटकलम (२) मध्ये आहे : एकापेक्षा जास्त गुन्ह्यांत किंवा अनेक प्रकरणांत चौकशी, तपास किंवा खटला चालू असेल, तर या कलमाखाली सुटका नाही. आमच्या मते ही अट अन्यायाची आहे, कारण एकाच घटनेत चार कलमं लावणं पोलिसांच्या हातात असतं. तरीही अर्ज करा आणि एकाच घटनेतल्या कलमांना 'अनेक प्रकरणं' म्हणता येणार नाही, हा युक्तिवाद वकिलाला मांडायला सांगा. तो फेटाळला गेला तरी खटला लांबल्याच्या मुद्द्यावर नेहमीच्या जामिनाचा मार्ग उरतो. जलद खटला हा २१व्या अनुच्छेदातला हक्क आहे, हे १९७९ च्या हुसैनारा खातून प्रकरणापासून ठरलेलं आहे.

हिशेब करून कोर्टाला कळवण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकाची आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशातल्या ५,७३,२२० कैद्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे दर चौघांपैकी तिघे. एवढ्या नोंदींत तुमच्या मुलाची तारीख कुणी लक्षात ठेवील, यावर विसंबू नका. अधीक्षकांना पोचपावतीसह अर्ज द्या आणि त्याची प्रत विधी सेवा प्राधिकरणाला द्या.

प्रश्न : माझ्या मुलावर चाकूने वार झाले. आरोपी महिन्याभरात बाहेर आला, आमच्याच गल्लीत फिरतो आणि 'साक्ष देऊन बघ' म्हणतो. सगळे हक्क आरोपीलाच का?

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे, खटला तसाच उभा आहे. पण साक्षीदाराला धमकावणं हा जामिनाच्या अटींचा भंग आहे आणि बीएनएस कलम २३२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षेचा स्वतंत्र गुन्हाही आहे. ठाण्यात फिर्याद द्या. अदखलपात्र नोंद करून परत पाठवू लागले तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवा, तिथेही काही झालं नाही तर कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे शपथपत्रासह अर्ज करा.

त्याच वेळी जामीन रद्द करण्याचा अर्ज द्या. हा अर्ज पुराव्यावर उभा राहतो. 'तो फिरतो, भीती वाटते' यावर तो फेटाळला जातो. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, ऐकणारा माणूस, कोपऱ्यावरच्या दुकानाचा कॅमेरा यांची नोंद ठेवा. चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं, तेव्हा लगेच मागा. साक्षीदार संरक्षण योजना, २०१८ खाली जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडेही अर्ज करता येतो. धोक्याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा असतो.

तुम्हाला कोर्टात बोलण्याचा हक्क आहे. २०२२ मध्ये लखीमपूर खीरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपीचा जामीन रद्द केला, तेव्हा पीडितांना बाजू मांडू न देणं हे एक कारण होतं. तपास कुठवर आला, हे नव्वद दिवसांत कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे. उपचाराच्या खर्चासाठी कलम ३९६ खाली भरपाई मागता येते, त्यासाठी आरोपीला शिक्षा व्हायची वाट बघावी लागत नाही. आणि आरोपी सुटला तर कलम ४१३ प्रमाणे तुम्ही स्वतः अपील करू शकता.

प्रश्न : जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना? तुरुंगात दिवस आणि रात्र वेगळी मोजतात म्हणे.

उत्तर : दोन्ही चूक. दिवस-रात्र मिळून एकच दिवस. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत कैद, हे १९६१ मध्ये गोपाळ गोडसे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. मृत्युदंड शक्य असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, किंवा मृत्युदंड कमी करून जन्मठेप दिली, तर किमान चौदा वर्षं प्रत्यक्ष भोगल्याशिवाय सरकारला सोडता येत नाही (कलम ४७५). चौदा हा आकडा तिथून आला. त्यानंतर सोडायचं की नाही ते सरकार ठरवतं.

प्रश्न : साध्या चोरीच्या आरोपात भाचा आठ महिने आत आहे. त्याला सांगितलं जातंय की गुन्हा कबूल कर, भोगलेल्या कैदेवर सुटशील. करावं का?

उत्तर : घाई करू नका. चोरीच्या बीएनएस कलम ३०३(२) ला कमाल शिक्षा तीन वर्षं आहे. त्याला आधी शिक्षा झाली नसेल आणि दुसरं प्रकरण नसेल, तर अजून चार महिन्यांत तो एक तृतीयांशचा टप्पा गाठतो. नेहमीच्या जामिनाचा अर्ज तर आजच करता येतो. आठ महिने आत, मुद्देमाल जप्त, तपास संपलेला, हे भक्कम मुद्दे आहेत.

आठ महिने शिक्षेत वळते होतील (कलम ४६८), हे सांगणं खरं आहे. पण दोषसिद्धीचा शिक्का कायम राहतो. सरकारी नोकरी, चारित्र्य पडताळणी, पासपोर्ट यांत तो पुढे येतो. पुढे कधी खोट्या गुन्ह्यात नाव आलं तर 'पहिलाच गुन्हा' ही सवलत गेलेली असते. कबुलीवर शिक्षा झाली की अपिलात सहसा शिक्षेचं प्रमाण आणि कायदेशीरपणा एवढंच तपासतात. चोरी केली की नाही, हा प्रश्न बंद होतो. त्याने चोरी केलीच नसेल तर केवळ सुटण्यासाठी कबुली देऊ नये.

केली असेल आणि कबूल करायचंच असेल, तर नुसतं 'गुन्हा कबूल' म्हणण्याआधी वकिलाकडून दोन गोष्टी मागून घ्या. चोरीचा माल पाच हजारांपेक्षा कमी किमतीचा असेल, पहिलीच वेळ असेल आणि माल किंवा त्याची किंमत परत केली असेल, तर कायद्यात कैदेऐवजी समाजसेवेची शिक्षा आहे. तसं नसेल तर परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ४ खाली चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडण्याची मागणी करा. त्या कायद्याचं कलम १२ दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता दूर करतं. वय एकवीसच्या आत असेल तर कलम ६ प्रमाणे कैदेची शिक्षा का गरजेची आहे, याची कारणं कोर्टाला लिहावी लागतात. हा अर्ज लेखी द्यायचा, कबुली नोंदवण्याच्या आधी आणि त्याच दिवशी. परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल यायला वेळ लागतो, तेवढ्या काळासाठी तात्पुरता जामीन त्याच अर्जात मागा.